कळा वाढविण्याचें इंजेक्शन व त्यांतील धोका

ऊस, भुईमूग व दुभतीं जनावरें यांच्या माहितीसाठीं निघणाऱ्या आपल्या मासिकांत बाळंतपणाचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व थोडीशी बागायत राखून असलेला एक खातेदार आहे. परंतु ज्या औषधाविषयीं येथें लिहावयाचें आहे तें आपल्यापैकीं पुष्कळांच्या गोठ्यांत, कोनाड्यांत किंवा खुंटीवरच्या पिशवींत पडलेलें असतें, आणि अडल्या वेळीं तेथूनच तें बाळंतिणीच्या अंगांत जातें. डॉक्टर मंडळी याविषयीं आपल्या सभांतून बोलतात; गोठ्यापर्यंत तें बोलणें पोहोंचत नाहीं. म्हणून संपादकांच्या परवानगीनें हा लेख लिहीत आहें.

म्हशीचें रेडकूं दगावलें कीं ती पान्हा चोरूं लागते. पूर्वीं अशा वेळीं मेलेल्या रेडकाच्या कातड्यांत पेंढा भरून तें पुढें उभें करीत, आंबोण वाढवीत, कास गरम पाण्यानें धुवीत. आतां सुई टोचतात आणि थोड्याच वेळांत धार सुटते. त्या सुईंतील औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. बाजारांत तें पुष्कळदां बिनलेबलाच्या शिशींत मिळतें; कोणी केलें, केव्हां केलें, ताकद किती, याचा कांहीं पत्ता नसतो. दूध काढण्यासाठीं जनावरास अपायकारक पदार्थ टोचणें हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणाऱ्या कायद्याच्या १२ व्या कलमाखालीं गुन्हा आहे, आणि हें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकतांही येत नाहीं. तरी ज्यास पाहिजे त्यास तें मिळतेंच, हें आपण सर्व जाणतों.

हा पदार्थ मुळांत परका नव्हे. गाय, म्हैस आणि स्त्री यांच्या मेंदूंत तो तयार होतो व मेंदूच्या बुडाशीं असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युइटरी नांवाच्या ग्रंथींतून रक्तांत सुटतो. वासरानें कासेस ढुशी दिली कीं तो सुटून पान्हा येतो. प्रसूतीच्या वेळीं तो सुटून गर्भाची पिशवी आवळते. १९०६ सालीं इंग्लंडांत हेन्री डेल यांनीं या ग्रंथीच्या अर्कानें गर्भाची पिशवी आवळते असें दाखवून दिलें, व १९०९ सालीं ब्लेअर-बेल यांनीं तो अर्क बाळंतिणींसाठीं वापरल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें १९५३ सालीं अमेरिकेंत व्हिन्सेंट दु विन्यो यांनीं तो पदार्थ रसायनशाळेंत तयार केला. १९५५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. 'जलद प्रसूति' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यास ऑक्सिटोसिन हें नांव पडलें. या 'जलद' शब्दानेंच पुष्कळ घात केला आहे.

द्राक्षबागाईतदारांस 'लेबल क्लेम' म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. कपाशीवरील अळीसाठीं नोंदलेलें औषध कोणी भेंडीवर मारलें तर अळी मरेलही; परंतु किती मारावें, तोडणी किती दिवसांनीं करावी, फळांत अंश किती राहील, हें लेबलावर सांपडणार नाहीं, कारण त्या पिकासाठीं त्याची नोंदच झालेली नसते. माणसांच्या औषधांचेंही असेंच आहे. सरकारची मंजुरी असते ती अमुक कारणासाठीं, अमुक मात्रेंत, अमुक मार्गानें देण्यास. त्याबाहेर दिलें कीं तो लेबलाबाहेरचा वापर झाला. असा वापर नेहमींच चुकीचा असतो असें मात्र कोणी समजूं नये. जाणते डॉक्टर पुरावा पाहून व रोग्यास सांगून तो करतात, आणि कित्येकदां पुढें तीच रीत सर्वमान्य होते. धोका आहे तो मात्रा न मोजतां दिलेल्या व देऊन निघून जाण्याच्या औषधांत.

ऑक्सिटोसिन कळा आणण्यासाठीं मान्य आहे खरें, पण तें कसें द्यावयाचें? सलाइनच्या बाटलींत मिसळून, थेंब मोजून, शिरेंतून. येथें मी माझा कारकुनी हिशेब मांडतों. माणसांसाठींच्या एका कुपींत साधारणतः ५ युनिट औषध असतें. युनिटाचा हजारावा भाग तो मिलियुनिट. म्हणजे कुपींत ५,००० मिलियुनिट झाले. इस्पितळांत सुरुवात करतात ती मिनिटास एक-दोन मिलियुनिटांनीं, आणि कळा व मुलाचे ठोके पाहून बेताबेतानें वाढवीत नेतात. मिनिटास २ प्रमाणें धरलें तर ती कुपी संपावयास २,५०० मिनिटें, म्हणजे ४१ तास ४० मिनिटें लागतील. अगदीं मिनिटास २० ची गति धरली तरी ४ तास १० मिनिटें. तीच कुपी कमरेंत टोचली म्हणजे सर्व माल एकाच वेळीं अंगांत उतरला. ठिबकनें द्यावयाचें पाणी बांध फोडून सोडावें, त्यांतला हा प्रकार आहे. शिवाय शिरेंतील थेंब बंद केले कीं औषधाचा जोर थोड्याच मिनिटांत ओसरूं लागतो. कमरेंत टोचलेलें मात्र दोन-तीन तास आपलें काम करीत राहतें, व तें परत काढून घेण्याची कांहींएक तजवीज नाहीं. म्हणूनच मूल जन्मण्यापूर्वीं हें औषध कमरेंत किंवा दंडांत टोचावयाचें नसतें.

त्यांत गोठ्यांतील शिशीची गोष्ट आणखी निराळी. हें औषध २ ते ८ अंश थंडाव्यांत ठेवावें लागतें. पत्र्याखालीं तें उन्हाळाभर पडलें तर त्याची ताकद उतरते. मग एकानें भागत नाहीं म्हणून दोन देतात, दोननें भागत नाहीं म्हणून तीन. दुसरी शिशी ताजी व कडक निघाली तर काय होईल, हें टोचणाऱ्यास ठाऊक नसतें आणि विकणाऱ्यासही नसतें.

आतां पोटांत काय घडतें तें सांगतों. कळ येते म्हणजे गर्भाची पिशवी आवळते. ती आवळलेली असतांना वारेकडे जाणारें रक्त अडतें, आणि सैल पडली कीं पुन्हा वाहूं लागतें. दोन कळांच्या मधल्या विसांव्यांत मूल आपला प्राणवायु घेत असतें. दहा मिनिटांत पांचांहून अधिक कळा येऊं लागल्या तर डॉक्टर त्या अति समजतात. एका कळेला लागून दुसरी येऊं लागली कीं मूल आंतल्या आंत गुदमरतें. जगलें तरी कधीं कधीं मेंदूस जन्माची इजा घेऊन बाहेर येतें. मूल आडवें असेल किंवा आईचा कटिभाग अरुंद असेल तर पुढें वाटच नसते, आणि मागून रेटा तर वाढत राहतो. शेवटीं पिशवी फाटते. मागचें बाळंतपण सिझर करून झालें असेल तर जुन्या टांक्याच्या जागीं ती आधींच दुबळी असते. पुष्कळ बाळंतपणें झालेल्या बाईविषयींही तीच भीति. पिशवी फाटल्यावर रक्त पोटांत सांठतें, बाहेर थोडेंच दिसतें. आणि कळा थांबतात.

कळा थांबतात, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती.

आठ-नऊ वर्षांपूर्वीं, पौष महिन्यांत आमच्या उसास तोड आली होती. फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या. त्यांतील एका बाईस पहांटे कळा सुरू झाल्या. तिचें हें तिसरें बाळंतपण. दुपार झाली तरी सुटका होईना. टोळींतील म्हातारी म्हणाली, कळा उतरल्या, जोर पाहिजे. मुकादमास ट्रॅक्टर भरून लावण्याची घाई होती. आमच्या बाजूस मोटारसायकलवरून फिरून सुया टोचणारा एक इसम असे. त्यास बोलावणें गेलें. त्यानें येऊन एक सुई दिली. अर्ध्या तासानें म्हणाला, आणखी एक पाहिजे, पण माझ्याजवळचें औषध संपलें. चुलतभावाच्या गोठ्यांत म्हशीसाठीं आणलेली शिशी होती. ती मीं आणून दिली. मी तेव्हां नोकरींत होतों, दिवसभर कागद वाचणें हाच माझा धंदा. शिशीवर लेबल नाहीं हें मला दिसत होतें. त्याची फीही मींच दिली, गरीब माणसें आहेत म्हणून.

मग कळा आल्या त्या थांबेचनात. बाईस श्वास टाकावयास फुरसत मिळेना. तासाभरानें ती एकदम शांत झाली. आम्हांस वाटलें, थकून डोळा लागला असेल. म्हातारीनें अंगास हात लावला तों तें गार व घामानें ओलें. तेव्हां धांवपळ सुरू झाली. प्रथम तालुक्याचा दवाखाना, तेथून जिल्ह्याचें इस्पितळ. मूल गेलेलेंच होतें. बाईचा जीव राहिला, परंतु गर्भाची पिशवी काढावी लागली. तेथील डॉक्टरीणबाईंनीं नवऱ्यास पहिलाच प्रश्न केला कीं मागचें सिझर केव्हांचें? तो म्हणाला, दोन वर्षें झालीं. हा प्रश्न कोपीपाशीं आमच्यापैकीं एकानेंही विचारला नव्हता. उचल फिटलेली नव्हती, म्हणून पंधरा दिवसांनीं तो पुन्हा कोयता घेऊन फडांत आला. मी त्याच्यासमोर फारसा गेलों नाहीं.

कचेरींत वारसाच्या नोंदींचे कागद माझ्या हातांतून जात असत. तरुण स्त्रियांच्या नांवापुढें 'मयत' असें लिहून येई आणि खालीं लहान मुलांचीं नांवें लागत. फेरफारांत मृत्यूच्या कारणास रकाना नाहीं, व मलाही तो नसल्याचें कधीं खटकलें नव्हतें.

हा प्रकार आमच्याच बाजूचा नव्हे. उत्तर प्रदेशांतील बिजनौर जिल्ह्यांत पॅट्रिशिया जेफ्री व रॉजर जेफ्री या समाजशास्त्रज्ञांनीं खेड्यांत राहून बाळंतपणांचा अभ्यास केला. घरच्या बाळंतपणांत सुया देणाऱ्यांस बोलावून असलीं इंजेक्शनें दिलीं जातात, आणि घरचीं माणसेंच तीं मागून घेतात, असें त्यांनीं नोंदविलें आहे. मागणारांचा हेतु वाईट नसतो. कळा जितक्या कडक तितकी सुटका लवकर, अशी समजूत पिढीजात आहे, व सुई दिसली कीं कांहीं तरी उपाय चालला आहे असें वाटतें. महाराष्ट्रांत आतां शेंकडा नव्वदांहून अधिक बाळंतपणें दवाखान्यांत होतात ही समाधानाची गोष्ट आहे. पण उरतात तीं डोंगरांतील पाड्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि आपल्याच उसाच्या कडेला.

दवाखान्यांत गेलें म्हणजे धोका सर्वस्वीं टळला असेंही नव्हे, कारण दुसरें एक औषध गोळीच्या रूपानें येतें. त्याचें नांव मिसोप्रोस्टॉल. दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेणाऱ्या माणसांच्या जठरांत जखमा पडतात, त्या पडूं नयेत म्हणून १९८८ सालीं अमेरिकेंत यास मंजुरी मिळाली. त्यानें गर्भाची पिशवीही आवळते हें डॉक्टरांच्या लक्षांत होतें, आणि गोळी स्वस्त, टिकाऊ, थंडाव्यावांचून राहणारी. तेव्हां कळा आणण्यासाठीं ती लेबलाबाहेर देण्याची चाल सर्वत्र पसरली. अडचण मात्रेची. गोळी मिळे ती १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमची; कळा आणण्यास पाहिजे ती २५ ची. म्हणजे २०० च्या एका गोळीचे ब्लेडनें आठ तुकडे करावयाचे. एवढ्याशा गोळीचे आठ सारखे वांटे करून दाखवा असें कोणीं मला सांगितलें तर मी नाहीं म्हणेन. एका तुकड्यांत औषध जास्त, दुसऱ्यांत कमी, असें व्हावयाचेंच.

पिशवी फाटल्याच्या व माता-बालकें दगावल्याच्या बातम्या येऊं लागल्या, तेव्हां ऑगस्ट २००० मध्यें ती गोळी करणाऱ्या सर्ल कंपनीनें, ही गोळी कळा आणण्यासाठीं मंजूर नाहीं असें सांगणारें इशाऱ्याचें पत्र अमेरिकेंतील डॉक्टरांस पाठविलें. फ्रान्सांत या लेबलाबाहेरच्या वापरावरूनच मार्च २०१८ मध्यें ती गोळी बाजारांतून काढून घेण्यांत आली. याच्या उलट जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं मोजक्या मात्रेंत तिला मान्यता दिली: तोंडानें २५ मायक्रोग्रॅम, दोन-दोन तासांनीं, आणि ज्या बाईचें पूर्वीं सिझर झालें आहे तिला मुळींच नाहीं. या दोन निर्णयांत विरोध आहे असें मला वाटत नाहीं. एकानें तुकडे करण्याची रीत बंद केली, दुसऱ्यानें माप ठरवून दिलें. २५ ची स्वतंत्र गोळी आतां आपल्याकडेही मिळते. आणखी एक गोष्ट येथें नमूद करणें जरूर आहे. पहिल्या महिन्यांत गर्भपातासाठीं हीच गोळी मोठ्या मात्रेंत वापरतात, आणि तो आंकडा कोठें तरी ऐकून लोक भरल्या दिवसांत तितकीच द्यावयास पाहतात. दिवस भरत जातात तसतशी पिशवी या औषधास अधिकाधिक दाद देते; तेव्हां तीच मात्रा जीवघेणी ठरते.

हें सर्व वाचून ऑक्सिटोसिन हें विषच आहे असा कोणी ग्रह करून घेऊं नये. मूल बाहेर आल्यावर लगेच १० युनिट टोचणें ही जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे. त्यानें पिशवी आवळून रक्तस्राव आटोक्यांत राहतो, आणि बाळंतपणांत बायका मरतात त्या सर्वांत जास्त रक्तस्रावानें. मुलाच्या जन्मापूर्वीं टोचली तर घात, नंतर टोचली तर जीवदान, कुपी तीच. जनावरांवरील गैरवापर थांबावा म्हणून केंद्र सरकारनें २७ एप्रिल २०१८ रोजीं अधिसूचना काढून खासगी कारखान्यांस देशांतील विक्रीसाठीं हें औषध करण्याची मनाई केली, व बंगळूरच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीवर सर्व भार टाकिला. सर्व देशांतील बाळंतिणी एका कारखान्याच्या हवालीं कशा कराव्या, असा आक्षेप निघाला, आणि १४ डिसेंबर २०१८ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें ती अधिसूचना रद्द ठरविली. प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेलें. गोठ्यांतील गैरवापरापायीं बाळंतिणीचें औषध तुटावें, इथपर्यंत गोष्ट आली होती, हें आपण दूधवाल्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. माझ्या चुलतभावानें त्या पौषानंतर शिशी आणणें बंद केलें. म्हैस आंबोणावर पान्हावते. धारेस थोडा वेळ अधिक लागतो इतकेंच.

कळा आणणें कधीं कधीं खरोखरच जरूर असतें. दिवस उलटून गेले, रक्तदाब चढला, पाणमोट फुटून कळा येत नाहींत, अशा वेळीं वाट पाहण्यांतच धोका अधिक. तें ठरविणें डॉक्टरांचें काम. पण घरच्या माणसानें विचारावयास हरकत नाहीं, आणि चांगले डॉक्टर रागावत नाहींत: औषध कोणतें, किती देणार, सलाइनमधून काय, मुलाचे ठोके कोण पाहणार, आणि सिझरची सोय येथेंच आहे कीं दुसरीकडे न्यावें लागेल? असें औषध चालू असतांना बाईस एकटी ठेवूं नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. मागें सिझर झालेलें असल्यास तें न विचारतां, सर्वांआधीं सांगावें. पहिलटकरणीस अर्धा दिवस व त्याहूनही जास्त वेळ लागणें वावगें नाहीं. लवकर मोकळी करा म्हणून आपणच डॉक्टरांच्या मागें लागूं नये. रात्रीं दवाखान्याच्या व्हरांड्यांत बसून तसा आग्रह धरणारे पुरुष मीं पाहिले आहेत, व एके काळीं मी त्यांतलाच होतों.

घरीं कळा अडल्या तर सुईवाल्यास न बोलावितां १०८ किंवा १०२ या क्रमांकावर फोन करावा. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणें सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, सिझर, औषधें व नेणें-आणणें यांस पैसे पडत नाहींत. तोडकऱ्याची बाई परजिल्ह्यांतली असली म्हणून तिला कोणी परत पाठवूं शकत नाहीं. गाडी येईपर्यंत बाईस डाव्या कुशीवर निजवावें. कडक कळा चालू असतां त्या अचानक बंद पडल्या व बाई गार पडली, तर ती निजली असें समजूं नये.

आमच्या वस्तीची वाट काळ्या रानांतून जाते. पावसाळ्यांत गाडी आंत येत नाहीं. म्हणून भरल्या दिवसांची बाई घरीं असली कीं आठवडाभर आधींच तिला गांवांत डांबरी रस्त्यालगतच्या घरीं नेऊन ठेवतों. तोड येते तेव्हां टोळींत गरोदर किती, कितवा महिना, कोणाचें सिझर झालेलें आहे, हें मुकादमास व बायकांस विचारून वहींत लिहून घेतों. मुकादमास पहिल्या वर्षीं हें चमत्कारिक वाटलें; आतां तोच आपण होऊन सांगतो. मागच्या हंगामांत दोघी होत्या, त्यांतील एक सिझरची. दोघींचीं नांवें त्याच दिवशीं आशाताईंकडे दिलीं.